कंट्रोलर नवा, मग खेळ जुनाच का?

माझ्या भाच्यांचं आणि त्यांच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या दोस्तांचं मत पक्कं आहे. व्हिडिओ गेमच्या कंपन्या कंट्रोलर बदलतात ते पैसे काढायला, खेळ तोच राहतो. थोरल्यानं तर फोनवर सरळ विचारलं, "मामा, नवा कंट्रोलर घेऊन नवीन काय करायला मिळतंय ते सांगा की. आमचा मोबाईल काय वाईट हाय?"

मी राहतो त्या जपानमधल्या नागोयात वारं उलट्या दिशेनं वाहतं. ५ जून २०२५ ला निन्टेन्डोचं स्विच २ हे गेम खेळायचं यंत्र आलं. त्याचा जॉय-कॉन नावाचा कंट्रोलर आडवा टेकवला की माऊससारखा चालतो, आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यावर उत्साहानं बोलणं चाललेलं असायचं. इथे नव्या वस्तूला आधी हातात घेतात, शंका नंतर काढतात. कोल्हापुरात आधी शंका. मला कोल्हापूरची शंका रास्त वाटते, पण पोरं तिच्यावरून जो निकाल देतात तो पटत नाही.

शंका रास्त का, ते प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरवरून कळतं. २०२० साली तो आला तेव्हा त्याच्या ट्रिगरचं, म्हणजे तर्जनीनं ओढायच्या कळेचं, मोठं कौतुक झालं. धनुष्य ओढताना ट्रिगर बोटाला विरोध करतो, ताण खरा वाटतो. मला ते मनापासून आवडतं. पण बहुतेक खेळांत सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करता येतं, आणि बंद केल्यावर खेळ होता तसाच खेळता येतो. कारण ही गंमत यंत्राकडून हाताकडे येते. हाताला यंत्राला सांगायला नवीन काही मिळालेलं नसतं. खेळाचे नियम बदलायचे तर हातातून आत काहीतरी नवं जायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

१९९६ चं निन्टेन्डो ६४ हे गेम यंत्र घ्या. त्याआधी घरोघरच्या कंट्रोलरवर असायची ती अधिकच्या चिन्हासारखी कळ. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी ती १९८२ साली हातात मावणाऱ्या 'डाँकी काँग' खेळासाठी आणली होती. दर दिशेला ती फक्त दोन गोष्टी सांगू शकायची, दाबली किंवा नाही दाबली. निन्टेन्डो ६४ च्या स्टिकनं, म्हणजे अंगठ्यानं कुठेही कमी-जास्त ढकलता येणाऱ्या दांडीनं, 'किती' हेही सांगता येऊ लागलं. 'सुपर मारिओ ६४' मध्ये झोपलेलं मांसाहारी झाड आहे. स्टिक हलकेच ढकलून चवड्यांवर गेलात तर ते झोपूनच राहतं, धावत गेलात तर जागं होतं. हळू चालणं हाच तिथे डाव झाला. मोकळ्या त्रिमितीय जागेत मारिओला हव्या त्या दिशेनं वळवणं जमलं तेही या स्टिकमुळेच.

पुढे उजव्या हातालाही स्टिक मिळाली. १९९९ च्या 'एप एस्केप' मध्ये दोन्ही स्टिक असल्याशिवाय खेळताच येत नव्हतं. डाव्यानं पळायचं, उजव्यानं माकडावर जाळं फिरवायचं. आज तालमींच्या संघांच्या फुटबॉलवर जीव टाकणारी आमची पोरं गेम पार्लरमध्ये बसून त्याच उजव्या स्टिकनं चेंडू नाचवत खेळाडूला चकवतात. तीही कधीतरी नवीच होती. सवयीची झाली म्हणून तिचं नवेपण कुणाला आठवत नाही, एवढंच.

हात हलवून खेळायच्या कंट्रोलरची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. २००६ साली निन्टेन्डोचं वी (Wii) हे यंत्र आलं. त्यावरच्या 'झेल्डा' या साहसी मालिकेतल्या खेळात तलवार फिरवायला हात हलवायचा, पण हलवणं म्हणजे बटण दाबण्यासारखंच होतं, कारण तो खेळ मुळात बटणाच्या कंट्रोलरसाठी बनत होता. त्याच मालिकेतल्या २०११ च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड' मध्ये मात्र वार कुठल्या दिशेनं केला याला अर्थ आला. शत्रू डावीकडून अडवत असेल तर उजवीकडून मारायचं. पुढे २०२१ मध्ये तोच खेळ स्विचवर आला, तेव्हा त्या दिशा उजव्या स्टिकवरही देता येऊ लागल्या. यावर भाचा म्हणेल, बघा, स्टिकनंच भागलं की! भागलं, कबूल. पण तो खेळ सुचला हातात फिरणारा कंट्रोलर होता म्हणून. आधीच्या स्टिकवाल्या झेल्डांत तलवारीची दिशा हेच कोडं झालं नव्हतं.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सला जोडायचा किनेक्ट मात्र फसला, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. २०१० साली आलेल्या त्या कॅमेऱ्याला अख्खं शरीर दिसायचं. पण बटणच नाही, तर खेळातल्या माणसानं चालत पुढे जायचं कसं? या प्रश्नाला चांगलं उत्तर मिळालं नाही. शिवाय वेगळी विकत घ्यायची वस्तू सगळ्यांकडे असेल असं धरून कोण मोठा खेळ बनवणार? २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं.

आता मोबाईलचं. पोरं बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ खेळताना बंदुकीचा झटका आवरायला फोन तिरका करतात, जायरो म्हणजे फोन कसा वळला ते ओळखणारा सेन्सर लावून. अंगठ्यांनी पडदा झाकला जातो म्हणून तर्जन्या वर आणून चार बोटांनी खेळतात. म्हणजे हात हलवून खेळायचं तंत्र, ज्याला ती पैसे काढायची युक्ती म्हणतात, त्यांच्या बोटांत केव्हाच मुरलंय. फक्त तिथे जायरो ऐच्छिक आहे, म्हणून खेळ त्याच्याभोवती रचलेला नाही.

नागोयातल्या गेम सेंटरात 'ताइको नो तात्सुजिन' हा खेळ आहे, २००१ पासूनचा. समोर खराखुरा ढोल. पडद्यावर लाल खूण आली की मध्यावर मारायचं, निळी आली की कडेवर. ढोल काढून घेतला तर त्या खेळात जीव उरत नाही. तो खेळताना मला दर वेळी हलगी आठवते, कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीला रंग चढवणारी. एक काठी जाड, एक बारीक, आणि कुठे मारलं, किती जोरानं मारलं यावर आवाज बदलतो. हातातून आत जाण्यासारखं तिच्यात केवढं तरी आहे. आमच्या पोरांपैकी कितीतरी जण इंजिनिअरिंगला आहेत, सेन्सर जोडता येतात, प्रोग्रॅम लिहिता येतो. नवा कंट्रोलर कशाला, असं विचारण्यापेक्षा त्यांनी हलगीला सेन्सर लावून बघावेत, आणि मग तिच्यावाचून खेळताच येणार नाही असा एक खेळ रचावा. वाजवणाऱ्याच्या लयीवर पडद्यावरची कुस्ती चढली-उतरली पाहिजे. तेवढा एक खेळ झाला तर मी सुट्टी काढून कोल्हापूरला येईन, पहिला खेळायला.