एमएच ३७०चा शोध ‘नाटक’ आहे म्हणणाऱ्यांसाठी

२०१४मध्ये हरवलेल्या मलेशियाच्या एमएच ३७० विमानाचा शोध पुन्हा घेणार अशी बातमी आली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: ‘उपग्रहाला रस्त्यावरची गाडी दिसते, मग दोनशे फूट लांबीचं विमान हरवेलच कसं? प्रवाशांचे फोन नंतरही वाजत होते. विमान दिएगो गार्सियाच्या अमेरिकी तळावर उतरवलं. समुद्र दोनदा पिंजून काढला, काही मिळालं नाही, कारण तिथे काही नाहीच. इतक्या वर्षांनी सापडलं तरी उपयोग शून्य. पुन्हा शोध म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी.’ शेवटी अर्थातच ‘विचार करा आणि पुढे पाठवा.’

ठीक आहे, विचार करू.

‘उपग्रहाला सगळं दिसतं.’ नाही दिसत. फोटो काढणारे उपग्रह ठरलेल्या पट्ट्यांवरून ठरलेल्या वेळी जातात, रिकाम्या महासागरावर डोळे लावून बसत नाहीत. विमानावर लक्ष राहतं ते किनाऱ्यावरच्या रडारमुळे आणि विमानातल्या ट्रान्सपाँडरमुळे, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रामुळे. रडारचा पल्ला काहीशे किलोमीटरचा. ८ मार्च २०१४ला मध्यरात्रीनंतर १ वाजून २१ मिनिटांनी ट्रान्सपाँडरची खूण पडद्यावरून गेली. विमान मागे वळून मलेशिया ओलांडताना लष्करी रडारवर दिसलं, तेही २ वाजून २२ मिनिटांपर्यंत. विमानांचे संदेश जगभर थेट उपग्रहांनी टिपणारी सेवा सुरू झाली २०१९मध्ये, आणि तिलाही विमानातलं यंत्र चालू लागतंच.

फोनचं दोन ओळींत आटपू. आपल्याला ऐकू येणारी रिंग समोरच्या फोनमधून येत नाही, ती नेटवर्क वाजवतं, आणि समोरचा फोन सापडायच्या आधीही वाजवू शकतं.

हिंदी महासागरातलं दिएगो गार्सिया बेट हा या मजकुराचा लाडका मुद्दा, म्हणून इथे जरा थांबतो. विमानातलं उपग्रह-संपर्काचं यंत्र २ वाजून २५ मिनिटांनी पुन्हा जागं झालं आणि पुढे सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत इनमारसॅट या दूरसंचार कंपनीच्या उपग्रहाशी अधूनमधून जुजबी देवाणघेवाण करत राहिलं. त्यात ठावठिकाणा नव्हता, पण प्रत्येक वेळी संदेश जाऊन यायला किती वेळ लागला याची नोंद होती. विहिरीत दगड टाकून आवाज यायला लागलेल्या वेळावरून खोली काढावी, तसं यावरून विमान उपग्रहापासून किती लांब होतं ते निघतं. अंतर कळलं की पृथ्वीवर एक वर्तुळ आखता येतं. शेवटच्या, सातव्या वर्तुळाचा तुकडा म्हणजे तपासातला प्रसिद्ध ‘सातवा कंस’.

आता हा उपग्रह विषुववृत्तावर साधारण ६४.५ अंश पूर्व रेखांशाला होता. त्याच्या थेट खालच्या बिंदूपासून दिएगो गार्सिया साधारण बाराशे किलोमीटरवर आहे. सातवा कंस त्याच बिंदूपासून साडेचार हजार किलोमीटरच्याही पलीकडे. म्हणजे तळावर उतरलेल्या विमानाकडून असा आकडा येणं शक्यच नाही. शिवाय शेवटच्या संदेशांच्या कंपनसंख्येवरून (फ्रिक्वेन्सीवरून) विमान वेगाने खाली येत होतं असं दिसतं. इंधन संपायची वेळही तीच होती.

आणि अवशेष? २९ जुलै २०१५ला हिंदी महासागराच्या पश्चिमेकडच्या रीयुनियन बेटावर पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग, म्हणजे फ्लॅपरॉन, किनाऱ्याला लागला. त्यावर बार्नकल जातीचे कवचधारी जीव वाढलेले होते. आतले क्रमांक जुळले आणि फ्रेंच तपासयंत्रणेने तो याच विमानाचा असल्याचं सांगितलं. नंतर टांझानियाच्या पेंबा बेटावर पंखाचा बाहेरच्या बाजूचा फ्लॅप (मागच्या कडेची झडप) मिळाला, मोझांबिक आणि मॉरिशसकडेही तुकडे लागले. हे सगळं कोणी पेरून ठेवलं म्हणणाऱ्याने निदान बार्नकल कसे पेरले ते सांगावं.

‘दोनदा पिंजून काढलं.’ यात तथ्य आहे, म्हणून हा मुद्दा झटकून टाकणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालचा शोध जानेवारी २०१७मध्ये थांबला तेव्हा १ लाख २० हजार चौरस किलोमीटर तळ पाहून झाला होता. २०१८मध्ये समुद्रतळ धुंडाळणाऱ्या ओशन इन्फिनिटी कंपनीने आणखी १ लाख १२ हजार पाहिला. सापडलेला तुकडा कुठून वाहत आला असेल हे काढण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या विज्ञान संशोधन संस्थेने बोइंग ७७७चा, म्हणजे याच जातीच्या विमानाचा, खराखुरा फ्लॅपरॉन मिळवून, तो सापडलेल्या तुकड्यासारखा कापून, समुद्रात सोडून पाहिला. तो वाऱ्याच्या दिशेला सरळ न जाता डावीकडे सरकत होता, अंदाजापेक्षा जोरात. त्यावरून आणखी उत्तरेकडची जागा सुचवली गेली. तिथेही २०१८मध्ये बघून झालं. अंदाज चुकत आलेत, हे मान्यच. पुढचाही चुकू शकतो.

पण ‘सापडलं नाही’वरून ‘तिथे नाहीच’ हे निघत नाही. विमान कंसाच्या किती अलीकडे-पलीकडे पडलं हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. तळ कुठे चार, कुठे सहा किलोमीटर खोल, त्यात कडे आणि दऱ्या. सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेल्या, प्रतिमेत कड्यामागे सावली पडते आणि सावलीत काय आहे ते कळत नाही. यंत्रं कुचकामी होती असंही नव्हे. याच शोधात एकोणिसाव्या शतकातल्या दोन बुडालेल्या जहाजांचे अवशेष सापडले, नांगर आणि कोळशासकट.

एअर फ्रान्स ४४७ आठवा. जून २००९मध्ये अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली. ब्लॅक बॉक्सचे ‘पिंग’ ऐकण्यासाठी जहाजं ज्या भागावरून फिरली आणि काही ऐकू आलं नाही म्हणून जो भाग बाजूला पडला, तिथेच एप्रिल २०११मध्ये अवशेष मिळाले, सुमारे ३९०० मीटर खोल. आपल्या हवाई दलाचं एएन-३२ जुलै २०१६मध्ये २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४मध्ये, राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीने ३४०० मीटर खोलीवर त्याचे अवशेष टिपल्याचं जाहीर झालं.

‘उपयोग शून्य’ याला माझं उत्तर अर्धवटच आहे. दहा वर्षांहून जास्त काळ पाण्यात राहिलेल्या ब्लॅक बॉक्सच्या रेकॉर्डरमधून काय निघेल, याची हमी कोणी देणार नाही. कॉकपिटमधला आवाज तर फक्त शेवटच्या दोन तासांचा असेल, विमान वळलं त्या वेळचा नाही. पण दुसऱ्या रेकॉर्डरमध्ये उड्डाणाची २५ तासांची नोंद राहते. अवशेषांची मांडणीही पुष्कळ बोलते: किती वेगाने आदळलं, तुकडे किती दूर पांगले. २०१८च्या मलेशियाच्या अहवालाला कारण ठरवता आलं नाही, कारण हातात विमानच नव्हतं. (चिडायचंच असेल तर यावर चिडा: या विमानाच्या फ्लाइट डेटा रेकॉर्डरला जोडलेल्या पिंगरच्या (पाण्यात ‘पिंग’ करून जागा सांगणाऱ्या यंत्राच्या) बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२मध्येच संपली होती. तो मजकूर लिहिणाऱ्याला हे सुचलेलं नाही.)

राहिला पैसा. मलेशियाने मार्च २०२५मध्ये ओशन इन्फिनिटीशी १५ हजार चौरस किलोमीटरच्या नव्या टापूसाठी करार मंजूर केला. एप्रिलमध्ये मोसम योग्य नाही म्हणून काम थांबलं, आणि ३० डिसेंबर २०२५पासून ते टप्प्याटप्प्याने ५५ दिवस पुन्हा हाती घेण्याचं जाहीर झालं. अट एकच: सापडलं तर ७ कोटी डॉलर, नाही सापडलं तर काही नाही. जहाज, इंधन, माणसं, सगळं कंपनीच्या खिशातून. उधळपट्टी असलीच तर ती कंपनीची आहे, आणि परवडते की नाही ते तिचे मालक बघतील.