सेक्शन गाडी बघून लावा

गेल्या रविवारी मोटारसायकलची ट्रायल स्पर्धा संपल्यावर चिखलात उभ्या असलेल्या ट्रायम्फ कब नावाच्या एका छोट्या जुन्या मोटारसायकलभोवती सात-आठ जण जमले आणि जवळजवळ भांडण पेटलं. गाडी 1965 च्या आधी बनलेल्या गाड्यांच्या गटात नोंदवलेली. टाकीवर जुनं नाव, इंजिनाची कव्हरं जुनी. बाकी हब नवे कोरे, ॲल्युमिनियमच्या सबंध ठोकळ्यातून कोरून काढलेले. फोर्कच्या नळ्या जुन्या, आतला ऐवज आजचा. बोल्ट टायटेनियमचे, फ्रेम अलीकडे बनवून घेतलेली. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "यातलं 1965 च्या आधीचं काय आहे तेवढं दाखव." मालकाचं एकच उत्तर, "नियमात बसते." दोघंही खरं बोलत होते.

मी तिथं काही बोललो नाही. घरी येईपर्यंत मात्र डोक्यात तेच चालू होतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

कोल्हापूरच्या मित्रांना फोटो बघून वाटतं की मी इथं इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये दर रविवारी शर्यत खेळतो. ट्रायल ही शर्यत नव्हे. ओढ्याचा, दगडांचा, चढाचा एक तुकडा आखून घेतात, त्याला सेक्शन म्हणतात. उजव्या हाताला लाल पाटी, डाव्या हाताला निळी, त्यांच्यामधून गाडी न्यायची. पाय टेकला नाही तर शून्य. एकदा टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन, त्याच्यापुढं कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी पडली, पाटीबाहेर गेली किंवा पार करताच आली नाही तर पाच. दिवसअखेर ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकला. वेग चालत्या माणसाएवढा, सगळा वेळ फूटरेस्टवर उभं राहायचं, मागच्या टायरमध्ये हवा जेमतेम चार-पाच पौंड. टायर दगडावर भाकरीच्या पिठासारखा दबला पाहिजे, तरच पकड मिळते.

माझी गाडी 1970 ची बुल्टाको शेर्पा टी, 244 सीसी, टू-स्ट्रोक. एका शेतकऱ्याच्या शेडमधून ती मी दुधाच्या चार क्रेटमध्ये आणि एका पोत्यात घरी आणली. इंजिन एका क्रेटमध्ये, गिअर दुसऱ्यात, बोल्ट सगळे एकत्र. जोडायला तीन हिवाळे गेले. पहिल्यांदा किक मारली तेव्हा अंगावर काटा आला, त्याला कारणही तसंच होतं. शेर्पाची किक डाव्या बाजूला असते, आमच्या अण्णांच्या येझदीसारखी. गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, चुलत्यांच्या जुन्या बुलेटसारखे. स्पेनमध्ये बनलेली गाडी, मी ती इंग्लंडात जोडली आणि दोन्ही पायांना ती आधीपासून पाठ होती. अण्णा इथं आले होते तेव्हा त्यांना गॅरेजमध्ये नेलं. गाडीला एक चक्कर मारून म्हणाले, "किक डावीकडं? मग येझदीच की ही." आणि चप्पल काढून ठेवून त्यांनी किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

या गाडीचा जन्म सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. सॅमी मिलर नावाचा बेलफास्टचा स्वार एरियल कंपनीच्या 500 सीसीच्या फोर-स्ट्रोक गाडीवर इंग्लंडातल्या बहुतेक ट्रायल जिंकत होता. 1964 च्या अखेरीस बुल्टाकोचे मालक बुल्टो यांनी त्याला बार्सिलोनाजवळ बोलावून घेतलं. तिथं बारा दिवस तो गाडी चालवायचा, फ्रेम कापून पुन्हा जोडून घ्यायचा, परत चालवायचा. त्यातून शेर्पा टी तयार झाली, वजन नव्वद किलोंच्या आसपास. 1965 ला मिलरने तिच्यावर स्कॉटलंडची सहा दिवस चालणारी सिक्स डेज ट्रायल जिंकली. परदेशी गाडीनं ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. थोड्याच वर्षांत जड ब्रिटिश फोर-स्ट्रोक ट्रायलमधून बाहेर पडल्या, आणि पुढं त्यांच्यासाठीच 1965 च्या आधीचा वेगळा गट करावा लागला. म्हणजे रविवारी ज्या तारखेवरून वाद झाला, ती रेघ माझ्याच गाडीनं ओढलेली आहे. याची मला जाण आहे आणि म्हणूनच त्या गटाबद्दल बोलताना मी जपून बोलतो.

आता गाडी मूळ रूपात ठेवायची म्हणजे काय, यावर माझं मत. ते मला कुठल्या पुस्तकातून मिळालेलं नाही, टाकीनं शिकवलं.

शेर्पाची टाकी फायबरग्लासची. इथं 2021 च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या फायबरग्लासमधलं रेझिन इथेनॉलनं विरघळतं. एका सकाळी गाडी गरम झाल्यावर अडखळायला लागली. कार्बोरेटर उघडला तर फ्लोट तपकिरी चिकट थरात बसलेला, काकवीत बोट बुडवावं तसा. जेटचं भोक दिसेना. पिस्टनपर्यंत तो चिकटा गेला असता तर इंजिन जाम झालं असतं. एका ठिकाणी पैसे देऊन टाकीला आतून लेप लावून घेतला, तो आठ महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटून आला. शेवटी ॲल्युमिनियमची टाकी बसवली आणि मूळ टाकी कोरडी करून भिंतीवर टांगली. भारतात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय. ज्यांच्याकडं जुन्या गाड्या आहेत त्यांनी पेट्रोलचा पाइप, कॉकचं वॉशर आणि कार्बोरेटरमधली रबरं आजच बघून घ्यावीत. सहा महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करून ठेवावेत.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. जो बदल उद्या काढून मूळ भाग परत बसवता येईल, तो करायला हरकत नाही. टायर, केबल, चेन, ब्रेकचे लायनर हे बदलायलाच हवेत. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून मी इलेक्ट्रॉनिक फायरिंग बसवलंय, पण जुना मॅग्नेट ग्रीस लावून, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवलाय. माझ्यानंतर ही गाडी ज्याच्याकडं जाईल त्याला तो मिळेल. फ्रेमला मात्र मी करवत लावणार नाही. हँडलचा कोन उभा करायला लोक फ्रेमची मान कापतात, फूटरेस्ट खाली आणि मागं घेतात. गाडी लगेच चपळ होते यात शंका नाही. पण एकदा मान कापली की मिलरनं त्या बारा दिवसांत जो तोल शोधला होता तो गेला, आणि तो खोक्यात जपून ठेवता येत नाही.

इतकं लिहिल्यावर मी त्या गृहस्थांच्या बाजूचा वाटेन. पूर्ण नाही. हा वाद 1965 पेक्षाही जुना आहे. 1948 ला रॉयल एनफिल्डनं मागच्या चाकाला शॉकअप दिलेली बुलेट ट्रायलमध्ये आणली, तेव्हा ट्रायलच्या गाडीला मागं शॉकअप नसायचेच. ताठ फ्रेमशिवाय दगडावर पकड मिळत नाही असं तेव्हाचे जाणते ठामपणे सांगायचे. पुढं जॉनी ब्रिटनने 1952 ला आणि 1957 ला बुलेटवर सिक्स डेज ट्रायल जिंकली. 1955 पासून मद्रासला जी बुलेट जुळायला लागली, आपल्या गावाकडच्या पाटलांच्या दारात जी उभी असायची, ती याच घराण्यातली. मिलरनं स्वतःच्या एरियलचं वजनही जागोजागी उतरवलं होतं, टाकीपासून फ्रेमपर्यंत. हा खेळ खेळणाऱ्यांनी गाडीत सतत हात घातलेला आहे. 1964 च्या 31 डिसेंबरच्या रात्री सगळं थांबलं असं म्हणणंही तितकंच खोटं.

मग चुकलं कुठं? माझ्या मते त्या दिवशीच्या सहाव्या सेक्शनमध्ये.

ओढा ओलांडून वर आलं की काट्याचं एक झाड आहे. झाडाच्या पलीकडं निळी पाटी रोवलेली होती. झाड आणि पाटी यांच्यामधून वळायला जागा इतकी कमी की माझ्या शेर्पाचं हँडल शेवटपर्यंत फिरवूनही पुढचं चाक पाटीकडंच जात होतं. हाफ क्लचवर, श्वास रोखून, शरीर बाहेर काढून मी दोनदा पाय टेकून ते वळण काढलं. ते सत्तरीचे गृहस्थ त्यांच्या जड फोर-स्ट्रोकवर थेट पाटीवर गेले, पाच गुण. ओढ्यातले शेवाळलेले दगड, जे खरं अवघड होतं, ते त्यांनी एकही पाय न टेकता पार केलेले. इंजिन धप धप धप करत जवळजवळ बंद पडायला आलेलं आणि तरी चाक पुढं सरकतंय. तसं थ्रॉटल हातात यायला चाळीस वर्षं लागतात. त्या वळणानं ते सगळं पुसून टाकलं. पाठोपाठ नव्या गाडीवरचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आला, त्यानं पुढचं चाक उचलून बाजूला ठेवलं आणि निघून गेला. मग ती कब आली. कापलेला कोन, हलकी गाडी, शून्य.

आता सांगा, पुढच्या हिवाळ्यात ते गृहस्थ काय करतील? एकतर त्यांच्या गाडीला करवत लावतील, नाहीतर घरी बसतील. कबच्या मालकानं करवत आधी लावली, एवढाच फरक. त्याला दोष देण्याआधी ती पाटी कुणी रोवली हे विचारायला हवं होतं. गाड्या बदलण्याचं मूळ सेक्शन लावणाऱ्याच्या हातात आहे आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

न थांबण्याच्या नियमाबद्दलही मला हेच म्हणायचंय. एकदा सेक्शनमध्ये शिरलं की चाक फिरत राहिलं पाहिजे, थांबलं की पाच. मध्यंतरी बरीच वर्षं मोठ्या स्पर्धांमध्ये थांबायला मुभा होती. स्वार थांबायचे, तोल सांभाळायचे, गाडी बेडकासारखी उड्या मारत बाजूला सरकवायचे. 2013 ला जागतिक स्पर्धेत न थांबण्याचा नियम परत आणला तेव्हा केवढा गदारोळ झाला. मी त्या नियमाच्या बाजूचा आहे, पूर्ण मनानं. थांबता आलं की सेक्शन लावणारा वळण आणखी आवळतो, गाडी आणखी हलकी करावी लागते, आणि शेवटी सीट नसलेली, दोन-अडीच लिटरची टाकी असलेली सत्तर किलोंची गाडी उरते. ती घेऊन माणूस पलीकडच्या गावालाही जाऊ शकत नाही.

नव्या गाड्यांवर माझा राग नाही, हे मुद्दाम लिहितो. स्पेनच्या तोनी बोऊनं 2007 ते 2024 अशी सलग 18 वर्षं मोन्टेसा गाडीवर मैदानी आणि बंदिस्त अशा दोन्ही जागतिक स्पर्धा जिंकल्या. माणसाच्या उंचीहून उंच दगडावर तो गाडी चढवतो तेव्हा शरीर आणि यंत्र यांच्यात फट शिल्लक राहत नाही. बॅटरीवरच्या ट्रायल गाड्याही आता येतात, मी एक चालवून बघितली. आवाज नसल्यामुळं टायरखालचा खडा सरकल्याचं कानाला कळतं, हे सुख मला पहिल्यांदा मिळालं. त्या गाड्यांना त्यांचे दगड द्या. आमच्या गाड्यांना ओढा द्या, लांब चढ द्या, निसरडी मुळं द्या.

असं होऊ शकतं हे मी किनलॉकलेव्हनला डोळ्यांनी बघितलंय. स्कॉटलंडमधल्या या गावात सिक्स डेजच्या आधी जुन्या गाड्यांची दोन दिवसांची ट्रायल होते. गावात पूर्वी असलेल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यासाठी डोंगरावरच्या धरणातून पाणी आणायला टाकलेले मोठे नळ आहेत, त्यांच्या कडेनं सरळ चढ जातो, त्याचं नावच पाइपलाइन. सुटे दगड आणि चढ, दुसरं काही नाही. खाली उभं राहिलं की गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. एक एरियल वर जाताना बघितली. स्वारानं एकदाही थ्रॉटल पिळलं नाही, फक्त मागच्या चाकाला जेवढं हवं तेवढं देत गेला. ती गाडी आतून किती जुनी होती मला माहीत नाही आणि त्या चढावर मला तो प्रश्न पडलाही नाही. चढ तिच्या मापाचा होता.

कोल्हापूरकडच्या पोरांसाठी एक गोष्ट मनात आहे. नवी ट्रायल गाडी परवडणारी नाही, आणि 2019 ला आलेली ट्रायल्स नावाची बुलेट दिसायला देखणी असली तरी वजन 180 किलोंच्या वर, ओढ्यातल्या दगडांवर ती झेपणार नाही. पण जुनी शंभर सीसीची हलकी गाडी घ्या, मागचं स्प्रॉकेट मोठं बसवा, हवा कमी करा. एखाद्याच्या स्वतःच्या शेतातला ओढा, त्याची परवानगी घेऊन. जंगल नको, गड नको, फुलांचे सडे तर अजिबात नकोत. सहा सेक्शन, न थांबण्याचा नियम, हातात वही घेतलेलं कुणी एक जण. वेग नाही, म्हणून मोठी दुखापत सहसा होत नाही. हेल्मेट आणि घोट्याच्या वर जाणारे बूट मात्र हवेतच.

पुढच्या महिन्यात सेक्शन लावायची पाळी माझी आहे. काल संध्याकाळी ओढ्यावर जाऊन आलो. काट्याच्या झाडापासून शेर्पा ढकलत, हँडल शेवटपर्यंत फिरवून, तिचं चाक कुठं येतंय ते बघितलं आणि तिथं काठी रोवली. मग फोन करून त्या गृहस्थांना विचारलं की तुमची गाडी किती जागा घेते. ते म्हणाले, आणखी दीड हात. निळी पाटी तिथं लागेल.