घास अडकला

मेहुण्याच्या मुंजीतील मातृभोजनात, सासूबाईंच्या हातातील घास आणि बटूचे उघडे तोंड यांच्यात चार बोटांचे अंतर उरलेले असताना, गिरगावातील माझ्या सासुरवाडीच्या टीव्हीवरील चित्र थिजले, त्याचे चौकोनी तुकडे झाले आणि खोलीत जमलेली मंडळी टीव्हीकडे पाहायचे सोडून माझ्याकडे पाहू लागली. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून ती डीव्हीडी मी घरी तयार केली होती. पेनड्राइव्ह का दिला नाही, असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो, की सासऱ्यांच्या प्लेअरला यूएसबीची सोय नाही आणि मुलाची मुंज मोबाइलवर पाहणे त्यांना मुंज न केल्यासारखे वाटते.

“भरवा की हो वहिनी, पोरगं केव्हाचं आ करून बसलंय,” शेजारच्या बिऱ्हाडातील काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, कारण जावयाला हसावेच लागते.

हे काका सिग्नल दुरुस्तीच्या कामावरून निवृत्त झालेले असून, ज्या वस्तूला वायर आहे ती आपल्या अखत्यारीत येते, अशी त्यांची धारणा आहे. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी अशा वेशात ते कोचावरून उठले, प्लेअरचा कप्पा उघडून त्यांनी डिस्क बोटावर घेतली आणि ती ट्यूबलाइटसमोर धरून एक डोळा मिटला.

“जावईबापू, ही तुम्ही घरी केलीत?”

“हो.”

“तरीच.”

मी तेव्हा गप्प बसलो, पण ते ‘तरीच’ मला अजून पचलेले नाही. कॅसेटवर मुंबईच्या दमट हवेने बुरशी चढवली होती; ती स्वच्छ करवून घेणे, चित्र संगणकात उतरवणे, ते पॅल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीच्या ७२० बाय ५७६ मापात आणि सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने एमपेग-२ या डीव्हीडीच्या साच्यात बसवणे, हे सगळे मी दिवसभराची नोकरी सांभाळून रात्री केले होते. लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचा ड्राइव्ह हल्ली येतच नाही, म्हणून बाहेरून जोडण्याचा ड्राइव्ह मित्राकडून उसना आणला होता. डिस्क १६ पट वेगाची असताना ती मुद्दाम ४ पट वेगाने लिहिली होती. पाकिटावर ४.७ जीबी छापलेली आणि संगणकाला ४.३८ दिसणारी ती जागा मी काठोकाठ भरलीसुद्धा नव्हती, कारण डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि चुका बाहेरच्या कडेला अधिक होतात. लिहून झाल्यावर पडताळणीही केली होती. हे सर्व मला काकांना सांगायचे होते, परंतु ते पुढच्या प्रश्नाकडे वळले होते.

“अधिक आहे की वजा?”

मी चकित झालो. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर असे दोन प्रकार असतात, हे त्या खोलीत आणखी कोणाला ठाऊक असेल, अशी माझी कल्पना नव्हती. मी आदराने म्हणालो, “वजा.”

“मग बरोबर आहे. वजा म्हटल्यावर कमी पडणारच. अधिक घ्यायची असते.”

“काका, ती खरं तर वजाची खूण नाही, नुसती आडवी रेघ आहे. आणि वजावाला प्रकार १९९७चा, अधिकवाला २००२चा, त्यामुळे जुन्या प्लेअरला उलट वजावालाच—”

“जुना?” सासरे प्रथमच बोलले.

मी वाक्य गिळले.

“फायनलाइज केली होतीत का?” काकांनी विचारले. म्हणजे, लिहून झाल्यावर इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून डिस्क मिटवली होती का.

“केली होती.”

“कोणाला विचारून?”

या प्रश्नाला उत्तर असते तर मी दिले असते. तेवढ्यात काकांनी बनियनचे टोक ओढून डिस्क पुसायला घेतली, तीही गोल गोल, गिरणीच्या जात्यासारखी. मी कळवळून सांगितले, की डिस्क मधून कडेकडे सरळ रेषेत पुसायची असते. माहिती सर्पिल रेषेत लिहिलेली असल्यामुळे आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला जरासाच छेदतो आणि तेवढी तूट प्लेअर भरून काढतो, पण रेषेच्या दिशेने गेलेला गोल ओरखडा सलग मजकूर खातो. काका शांतपणे म्हणाले, “छत्तीस वर्षं मी चष्मा असाच पुसतोय.” त्यांनी डिस्क आत सारली, बटण दाबले, आणि सासूबाईंनी घास भरवला.

टाळ्या वाजल्या. एका आत्यांनी काकांना वाडगाभर खीर जास्त दिली. जी डिस्क जेमतेम वाचली जाते, ती कधी वाचली जाते आणि कधी नाही. लेसरने दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा त्याला अक्षर लागले, यात बनियनचा काही हात नव्हता. पण हे त्या क्षणी बोलणे म्हणजे देवळात उभे राहून प्रसाद आंबल्याची तक्रार करणे. मी गप्प राहिलो. दोन मिनिटांनी भिक्षावळीत पुन्हा चित्र थिजले, तेव्हा काका खीर खात म्हणाले, “माझं काम मी केलं. पुढचं तुमचं.”

यश त्यांचे आणि अपयश माझे, ही वाटणी कोणी केली हे मला कळले नाही, पण ती सर्वांना मान्य होती.

यानंतर काकांनी डिस्कला हात लावून ती तापल्याचे जाहीर केले. प्लेअरमधून काढलेली डिस्क कोमट असणारच. परंतु सासूबाईंनी ती लगबगीने फ्रिजमध्ये, कोथिंबिरीची जुडी आणि पन्ह्याचा तांब्या यांच्यामध्ये ठेवली. बाहेर काढताच तिच्यावर दव धरले. गिरगावच्या हवेत थंड वस्तूवर दव धरणार नाही तर काय होणार? मग ती पुन्हा पुसली गेली, अर्थातच गोल गोल. टूथपेस्टचा प्रस्तावही आला. ओरखडे घासून बुजवायला टूथपेस्ट कधीकधी उपयोगी पडते, हे मी मान्य केले, पण या डिस्कवर ओरखडाच नव्हता, निदान सकाळपर्यंत तरी नव्हता.

“दिसत नाही म्हणजे नाही, असं थोडंच आहे?” काका म्हणाले, आणि चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे असे पाहिले, की क्षणभर मला माझ्याच स्वभावात काही ओरखडा असल्याची शंका आली.

शेवटी त्यांनी आपल्या घरातून आरत्यांची एक डिस्क आणली. तिच्यावर इतक्या रेघा होत्या, की तिच्यावर कोणी भाजी चिरली असावी. ती पहिल्या ‘जय देव’पासून अखंड वाजली. सासऱ्यांनी प्लेअरवर हात ठेवून सर्वांकडे पाहिले आणि खटला निकाली निघाला.

कारखान्यात छापलेल्या डिस्कवर प्लॅस्टिकमध्ये दाबून उठवलेले खरे खड्डे असतात. घरी लिहिलेल्या डिस्कवर लेसरने रंगद्रव्याच्या थरात पाडलेले डाग असतात, आणि ते वाचायला डोळा तरणा लागतो. सासऱ्यांच्या प्लेअरचा लेसर म्हातारा झाला आहे. तो टीव्हीखाली, देवघराला लागून आहे, म्हणजे त्याच्या भिंगावर वर्षानुवर्षांची उदबत्तीची काजळी आणि स्वयंपाकघरातून येणारी फोडणीची वाफ बसलेली आहे. हीच डिस्क माझ्या संगणकावर, मित्राच्या प्लेअरवर, ऑफिसातल्या जुन्या यंत्रावर आदीपासून अंतापर्यंत चालली होती. इतका साधा निष्कर्ष त्या घरात उच्चारता येत नाही, कारण तो प्लेअर सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतला आहे आणि जावई त्या घरात नंतर आला आहे. कॅसेट बरी होती. ती बिघडली तर चित्रात मुंग्या येत, आवाज घोगरा होई, पण मुंज पुढे सरकत असे आणि दोष काळाला दिला जाई. डीव्हीडी मात्र चुका आतल्या आत सावरत राहते, सावरेनासे झाले की घास हवेत ठेवून थांबते, आणि दोष ती करणाऱ्याला लागतो.

निघताना सासरे मायेने म्हणाले, “तुम्ही कष्ट घेतलेत, पण अशी कामं जाणकाराकडून करून घ्यावीत.” पुढच्या आठवड्यात काका स्वतः त्यांना घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचे नाव पत्त्यापुरते उरले आहे; इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने शोधायला निघालेला मनुष्य लॅमिंग्टन रोडलाच जातो. तिथल्या एका दुकानाने माझीच फाइल, माझ्या पाकिटातल्याच कंपनीच्या कोऱ्या डिस्कवर, माझ्या अंदाजाने पूर्ण वेगाने उतरवून दिली आणि वर बटूचा रंगीत फोटो कागदावर छापून चिकटवला. असा कागद जरा वाकडा बसला तरी फिरताना डिस्कचा तोल जातो, हे मी कोणाला सांगितले नाही. मला बोलावून ती लावली गेली. मातृभोजनापर्यंत ती पोहोचलीच नाही. चौल चालू असताना न्हाव्याचा वस्तरा बटूच्या कानामागे थांबला, तो थांबलाच.

खोलीत कोणी माझ्याकडे पाहिले नाही. काकांनी पंख्याकडे पाहिले.

“आज व्होल्टेज कमी आहे,” सासरे म्हणाले.

“सकाळपासूनच,” काका म्हणाले.