छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोचबद्दलचा तो मेसेज: पैसे भरण्याआधी हे वाचा

गेले काही आठवडे पालकांच्या ग्रुपांमधून एक लांबलचक मेसेज फिरतोय. मथळा: ‘अमेरिकेतली छोटी कॉलेजं, बास्केटबॉलपटूंसाठी मागचं दार’. मुद्दे पाच. छोट्या कॉलेजचा कोच मनात आणेल त्याला पूर्ण स्कॉलरशिप देतो. प्रवेशही त्याच्याच शब्दावर होतो. तिथला खेळ इतका कच्चा, की एका पोरानं एका सामन्यात १३८ पॉइंट मारले. तिथून पुढे कुणी जात नाही, म्हणून स्पर्धाही नाही. आणि तिथले कोच म्हणजे मोठ्या कॉलेजांनी नाकारलेली माणसं, खेळावर त्यांचा काही ठसा नाही. खाली ‘नोंदणी’चे दीड लाख रुपये आणि एक फोन नंबर. मेसेज माझ्या बारावीतल्या भाच्यापर्यंत पोचला आणि बहीण एफडी मोडायला निघाली, म्हणून हे लिहितोय.

मेसेज म्हणतो की या कोचच्या हातात पैसा आहे आणि खेळ नाही. खरी गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे.

‘कोच पूर्ण स्कॉलरशिप देतो’

साफ खोटं, आणि सगळ्यांत घातक हेच. अमेरिकी कॉलेजांच्या खेळाची मुख्य संघटना एनसीएए. तिचे तीन विभाग आहेत आणि डिव्हिजन थ्री हा त्यातला सगळ्यांत मोठा, ४३० च्या आसपास कॉलेजांचा. मेसेजमध्ये ग्रिनेल, ॲमहर्स्ट, विल्यम्स, पोमोना अशी नावं आहेत. ही सगळी डिव्हिजन थ्रीची कॉलेजं. या विभागाचा पायाच असा, की खेळासाठी पैसा द्यायचा नाही. मुलगा किती चांगला खेळतो, कॅप्टन आहे का, संघात राहणार आहे का, यातलं काहीही आर्थिक मदत ठरवताना विचारात घेता येत नाही. मदतीची रक्कम ठरवण्यात कोचला स्थान नाही. खेळाडूंना मिळालेली मदत आणि बाकीच्या विद्यार्थ्यांना मिळालेली मदत यांचा हिशेब कॉलेजांना एनसीएएला द्यावा लागतो, आणि त्यात खेळाडूंकडे झुकतं माप दिसलं तर जाब विचारला जातो. असं असताना कोणता कोच फोनवर ‘फुल स्कॉलरशिप पक्की’ म्हणेल?

खेळाच्या स्कॉलरशिप अमेरिकेत आहेत, हे मान्य. डिव्हिजन वनमध्ये आहेत. डिव्हिजन टूमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉल संघाला एकूण दहा पूर्ण स्कॉलरशिपांइतकी रक्कम वापरता येते. तिचे तुकडे करून ती चौदा-पंधरा मुलांत वाटली जाते, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला अर्धीमुर्धीच येते. एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आहे, तिथं ही मर्यादा आठची. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांतही काही ठिकाणी मिळते. इथं आपल्याकडचे पालक हमखास फसतात. आपलं ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, अमेरिकेतलं ज्युनियर कॉलेज बारावीनंतरचं. मेसेजनं या चारही प्रकारांची खिचडी करून ती डिव्हिजन थ्रीच्या नावावर खपवली आहे.

मग डिव्हिजन थ्रीत पैसे मिळतच नाहीत का? मिळतात, पण दोनच वाटांनी: घरची ऐपत पाहून किंवा अभ्यासातली गुणवत्ता पाहून. अमेरिकी सरकारची मदत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला बंद असते. उरतो तो कॉलेजचा स्वतःचा निधी. ॲमहर्स्टसारखं एखादं कॉलेज परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देतानाही त्याची ऐपत पाहत नाही. बहुतेक कॉलेजं पाहतात, म्हणजे मदत जितकी जास्त मागाल तितका प्रवेश अवघड. ॲमहर्स्ट, विल्यम्स, पोमोना यांचा वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो. इतका खर्च असलेल्या एखाद्या कॉलेजनं गुणवत्तेवर २५ हजार दिले, तरी घरून वर्षाला ५५ हजार जायचे, आणि तेही चार वर्षं. कॅम्पसवरच्या कामानं हा खड्डा भरत नाही, कारण सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही.

प्रवेश मिळाल्यावर कॉलेज आय-२० नावाचा कागद देतं. त्याआधी पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार याचे बँकेचे कागद दाखवावे लागतात. कोचचं पत्र त्या जागी चालत नाही. त्यानंतर सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीची) ३५० डॉलर फी विद्यार्थी स्वतः अमेरिकी सरकारच्या साइटवर भरतो. या साखळीत दीड लाखाची ‘नोंदणी’ कुठेच येत नाही.

‘प्रवेश कोचच्या शब्दावर होतो’

यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. निवडक कॉलेजांत कोच काही मोजकी नावं प्रवेश कार्यालयाकडे देतो. कार्यालय मुलाची मार्कशीट आधीच पाहून अंदाज सांगतं, याला प्री-रीड म्हणतात. अमेरिकेत हे साधारण बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात चालतं. अंदाज चांगला आला तर कोच ‘अर्ली डिसिजन’मध्ये अर्ज करायला सांगतो. त्याची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. हा अर्ज विद्यार्थ्याला बांधून टाकतो: प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. कोच मात्र कशानंच बांधलेला नसतो. प्री-रीड म्हणजे प्रवेश नव्हे. मार्क कमी असतील तर साडेसहा फुटी मुलाचं नावही कार्यालय परत पाठवतं.

आपल्या मुलांचं घोडं अडतं ते कागदांपाशी. नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागतात. नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी कॉलेजात झालेली असते, म्हणजे दोन ठिकाणचे सही-शिक्के लागतात. ते शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत.

कोचशी बोलायला दलाल लागत नाही. कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या साइटवर खेळाडूंसाठी प्रश्नावली असते. ती भरा आणि मुख्य कोचसोबत सहायक कोचलाही ईमेल करा. बुटांशिवाय मोजलेली उंची, खेळायची जागा, गुण, बारावी पूर्ण होण्याचं वर्ष आणि व्हिडिओची लिंक एवढं पुरे. व्हिडिओ दोन प्रकारचे द्या: चार-पाच मिनिटांचे निवडक तुकडे आणि न कापलेले दोन पूर्ण सामने. कॅमेरा मध्यरेषेच्या बाजूला, उंचावर ठेवा. जर्सीचा नंबर दिसला पाहिजे. तुकड्यांत सगळेच बास्केट करतात. कोच पूर्ण सामन्यात पाहतो ते वेगळंच: शॉट चुकल्यावर मुलगा मागे धावतो का, चेंडूपासून लांब असताना कुठं उभा राहतो, बचावात तोंडानं बोलतो का. हे सगळं मुलानं स्वतः लिहायचं. बाबांनी लिहिलेला ईमेल लगेच ओळखू येतो.

‘१३८ पॉइंट, म्हणजे खेळ कच्चा’

२० नोव्हेंबर २०१२. आयोवा राज्यातल्या ग्रिनेलच्या जॅक टेलरनं फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेजविरुद्ध १३८ केले. १०८ शॉटपैकी ५२ आत, त्यात तीन पॉइंटचे ७१ पैकी २७, आणि फ्री थ्रो १० पैकी ७. निकाल १७९-१०४. समोरचा संघ दुबळा होता, हे कबूल. पण त्या रात्रीवरून ग्रिनेलचं, आणि ग्रिनेलवरून ४३० कॉलेजांचं मोजमाप काढणाऱ्यानं तिथली पद्धत पाहिलेलीच नाही.

डेव्हिड आर्सेनो १९८९ मध्ये ग्रिनेलला आले तेव्हा संघ वर्षानुवर्षं हरत होता आणि बाकावर बसलेल्या मुलांना खेळायला मिळत नव्हतं. त्यांनी पाच-पाचच्या तुकड्या केल्या आणि आइस हॉकीसारख्या त्या ३५ ते ४५ सेकंदांनी बदलायला सुरुवात केली. उद्दिष्टं आकड्यांत बांधली: सामन्यात ९४ शॉट, त्यातले निम्मे तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून, आपल्या चुकलेल्या शॉटपैकी एक तृतीयांश रिबाउंड पुन्हा आपल्याच हातात, समोरच्याकडून ३२ वेळा चेंडू हिसकावायचा, आणि त्यांच्यापेक्षा २५ शॉट जास्त घ्यायचे.

यामागचं गणित शाळकरी पोरालाही कळेल. तीनच्या रेषेबाहेरून तीनात एक आत गेला तर शॉटमागे एक पॉइंट. दोनचे निम्मे आत गेले तरी तेवढाच. मग फरक पडतो शॉटच्या संख्येनं. तुम्ही ९५ शॉट घेऊन प्रत्येकी ०.९५ च्या दरानं ९० केले, तर ७० शॉट घेणाऱ्याला बरोबरीसाठी प्रत्येकी १.२९ लागतात. तो दर सहसा कुणाला झेपत नाही. म्हणून ग्रिनेल पूर्ण कोर्टावर दोघांनी मिळून चेंडूवाल्याला घेरतं. तो घेरा फुटला तर समोरच्याला सोपा ले-अप, म्हणजे बास्केटजवळून शॉट, मिळू देतं आणि चेंडू पटकन परत घेतं. १३८ च्या त्या सामन्यात फेथ बॅप्टिस्टच्या डेव्हिड लार्सननं ७० पॉइंट केले, ते यामुळेच.

बिघडतं कुठं? तुकडी मिनिटाच्या वर मैदानात राहिली की पाय जड होतात, दुसरा बचावपटू अर्ध्या सेकंदानं उशिरा पोचतो आणि घेरा निरुपयोगी ठरतो. दहा खेळाडूंवर ही पद्धत चालत नाही, साधारण पंधरा लागतात. आपल्याकडे फिबा या जागतिक संघटनेच्या नियमांनी बाराच खेळाडू संघात घेता येतात. तेव्हा हे जसंच्या तसं उचलणाऱ्या शालेय कोचनी आधी तेवढं मोजावं. आणि १३८ ची रात्र या पद्धतीचा नमुना मुळीच नव्हती. तुकडीचा नियम बाजूला ठेवून टेलरला ४० पैकी ३६ मिनिटं खेळवलं गेलं. मला स्वतःला तो सामना आवडत नाही. सगळ्यांना खेळायला मिळावं म्हणून उभारलेली पद्धत त्या रात्री एकासाठी राबली.

‘तिथून पुढे कुणी जात नाही’

डेव्हियन जॉर्ज डिव्हिजन थ्रीच्या ऑग्सबर्गहून १९९९ मध्ये थेट एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या लेकर्सकडे गेला, खेळाडू निवडीच्या पहिल्याच फेरीत. डंकन रॉबिन्सन एक वर्ष विल्यम्सला खेळला, मग मिशिगन विद्यापीठ, मग एनबीएतला मायामी हीट. एनबीए गाजवणारे स्कॉटी पिपेन आणि डेनिस रॉडमन, दोघेही एनएआयएच्या कॉलेजांतले. जाणारे थोडे असतात, हे खरं. डिव्हिजन थ्रीतली मुलं पदवीसाठी येतात, आणि भाच्यानंही त्यासाठीच जावं.

‘कोचचा खेळावर ठसा नाही’

मेसेजनं उदाहरण म्हणून ग्रेग पोपोविच घेतले आहेत: पोमोना-पिट्झर या दोन कॉलेजांच्या एकत्र संघाला पहिल्याच हंगामात २ विजय आणि २२ पराभव, म्हणून ‘अपयशी’. आकडा बरोबर आहे. पण १९८६ मध्ये त्याच संघानं ६८ वर्षांनी कॉन्फरन्सचं, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांमधलं, विजेतेपद मिळवलं, ते मेसेजनं गाळलं. त्यानंतर पोपोविच एक वर्ष रजा घेऊन कॅन्सस विद्यापीठाचे कोच लॅरी ब्राउन यांच्याकडे शिकायला गेले, १९८८ मध्ये एनबीएतल्या स्पर्सचे सहायक कोच झाले आणि पुढे पाच एनबीए विजेतेपदं जिंकले.

कोच बो रायननी प्लॅटव्हिलला डिव्हिजन थ्रीची चार विजेतेपदं घेतली आणि तिथलीच आक्रमणाची ‘स्विंग’ पद्धत घेऊन विस्कॉन्सिन या मोठ्या विद्यापीठाला २०१५ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेलं. डिक बेनेट नऊ वर्षं स्टीव्हन्स पॉइंट या छोट्या कॉलेजला कोच होते. आत दाटी करून चेंडू घेऊन घुसणाऱ्याला अडवणारा त्यांचा पॅक-लाइन बचाव मुलगा टोनीनं व्हर्जिनियात वापरला आणि २०१९ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

पण ज्यांचं नाव या लोकांना ठाऊकच नाही ते जॉन मॅक्लेंडन. बास्केटबॉलचा शोध लावणारे जेम्स नेस्मिथ हे कॅन्सस विद्यापीठात त्यांचे गुरू. कृष्णवर्णीय म्हणून मॅक्लेंडनना तिथल्या संघात खेळता आलं नाही. डरहॅमच्या नॉर्थ कॅरोलायना कॉलेजमध्ये कोच झाल्यावर त्यांनी पूर्ण कोर्टाचा दबाव आणि फास्ट ब्रेक, म्हणजे चेंडू मिळताच झपाट्यानं पुढे धावणं, घडवला. १२ मार्च १९४४ च्या रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, त्यांनी ड्यूकच्या वैद्यकीय शाखेच्या गोऱ्या संघाला आपल्या जिममध्ये बोलावलं. वर्णभेदाच्या काळात हा सामना उघड होऊच शकला नसता, म्हणून दाराला कुलूप, प्रेक्षक नाहीत. निकाल ८८-४४. मग संघ मिसळून ते पुन्हा खेळले. पुढे टेनेसी ए अँड आयला १९५७, ५८ आणि ५९ अशी सलग तीन एनएआयए विजेतेपदं त्यांनी मिळवली. आज कुठल्याही शाळेच्या मैदानावर रिबाउंड घेतल्याबरोबर पोरं पुढे सुटतात, त्या धावण्यात मॅक्लेंडन आहेत.

आणि पुरावाच हवा तर बास्केटबॉलच्या मानकऱ्यांच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेमची २०२३ ची यादी काढून पाहा. पोपोविच यांच्यासोबत त्याच वर्षी छोट्या कॉलेजांचे दोन कोच आत गेले. ॲमहर्स्टचे डेव्हिड हिक्सन, ८२६ विजय, सगळे डिव्हिजन थ्रीत. आणि मिझुरीतल्या पॉप्लर ब्लफ या लहानशा गावच्या थ्री रिव्हर्स ज्युनियर कॉलेजचे जीन बेस, १,३०० विजय.