पंप बंद होईल याची खात्री नाही आणि म्हणे ऑटोमॅटिक!

फिश टँकमध्ये पाणी आपोआप टॉप-अप करणारी एक साधी, परवडणारी आणि भरवशाची वस्तू बाजारात मिळू नये, याचा आता मला खरोखर संताप येतो. मागतोय काय आम्ही? पातळी खाली गेली की पंप चालू व्हावा, वर आली की बंद व्हावा. बस्स. आणि यातलं दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे, हे विकणाऱ्यांच्या डोक्यात शिरतच नाही. पंप चालू झाला नाही तर टँक थोडा कळ काढतो. पंप बंद झाला नाही तर संध्याकाळपर्यंत सगळं संपलेलं असतं.

‘एवढं काय, मगाने पाणी ओतायचं’ असं सांगणाऱ्यांनी कधी खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळलेला नसतो. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ जागच्या जागी राहतं. ३५ पीपीटीवर (हजार भागांत ३५ भाग मीठ) ठेवलेल्या १०० लिटर पाण्यातलं २ लिटर उडालं की खारेपणा ३५.७ च्या आसपास जातो. एका दिवसात त्याने कोणी मरत नाही. पण रोज हळूहळू वर चढवायचं आणि मग एकदम आरओचं पाणी ओतून खाली आणायचं, हा खेळ त्या प्रवाळांनी आणि कोळंब्यांनी का सोसायचा? त्यात सम्प, म्हणजे मुख्य टँकखाली जोडलेली फिल्टरची दुसरी टाकी, असला तर मुख्य टँकची पातळी हलतच नाही, सगळी घट पाणी परत वर पाठवणाऱ्या रिटर्न पंपाच्या चिंचोळ्या कप्प्यात दिसते. दोन दिवस बाहेरगावी जा, पंप हवा ओढायला लागलेला असतो. गोड्या पाण्याचीही सुटका नाही. नळाच्याच पाण्याने भरत राहिलं की हार्डनेस, म्हणजे पाण्यातले क्षार, चढत जातो, आणि पातळी घटून चालू हीटर उघडा पडला तर त्याची काच तडकते. म्हणजे ही चैनीची वस्तू नाही, गरजेची आहे.

आणि बाजारात काय आहे? एका टोकाला महागडे सेट, ज्यांच्या आत शेवटी एक सेन्सर, एक चिमुकला पंप आणि एक छोटं सर्किटच असतं. दुसऱ्या टोकाला स्वस्त किट. त्यात एकच फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर-खाली तरंगून पंप चालू-बंद करणारा), एक पंप, एक अ‍ॅडॉप्टर आणि काचेला चिकटवायला एक रबरी सक्शन कप, जो काही दिवसांत सैल पडून फ्लोटला घेऊन खाली घसरतो. फ्लोट खाली गेला की सर्किट ती खालचीच पातळी बरोबर धरून बसतं. बरं, हाच फ्लोट उलटा बसवला की त्याचं काम उलटं होतं, पाणी वर आल्यावर पंप चालू! मी घेतलेल्या किटच्या माहितीपत्रकात यावर एक अक्षर नव्हतं. पंप किती जोरदार आहे याची जाहिरात मात्र खोक्याच्या चारही बाजूंना. अरे, टॉप-अपला जोरदार पंप हवाय कोणाला? इथे पंप जितका हळू, तितकं बिघाड लक्षात यायला वेळ मिळतो.

एकच फ्लोट! गोगलगाय त्यावर चढून बसते, शेवाळ धरतं, मिठाचा थर चढतो, आणि फ्लोट खालीच अडकतो. त्याच्या लेखी पाणी कमीच. पंप चालूच. टॉप-अपसाठी भरून ठेवलेला गोड्या पाण्याचा २० लिटरचा डबा १०० लिटरच्या टँकमध्ये रिकामा झाला की ३५ चा खारेपणा २९ वर येतो, आणि जे सम्पमध्ये मावत नाही ते घरभर. यावरचा उपाय म्हणजे थोडा वर बसवलेला दुसरा फ्लोट, पहिल्याशी सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वायरवर एकामागे एक. खालचा अडकला तरी वरचा सर्किट तोडतो. या दुसऱ्या फ्लोटची किंमत पूर्ण किटच्या तुलनेत किरकोळ आहे. तो द्यायचा नाही म्हणजे नाही. कंट्रोलर असला तर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त पंप चालला की थांबव आणि अलार्म वाजव, एवढा प्रोग्राम काही ओळींत होतो. तोही नाही!

मी विक्रेत्याला हे विचारलं तर उत्तर आलं, फ्लोट रोज तपासून स्वच्छ करत जा. रोज टँकमध्ये हात घालायचा असेल तर हे यंत्र मी कशासाठी घेतलं?

किटचा नाद सोडून स्वतः बनवायला जा, तर सल्ल्यांचा वेगळाच ताप. फ्लोट स्विचच्या आत असतो इवलासा रीड स्विच, फ्लोटमधल्या चुंबकाने जुळणाऱ्या दोन नाजूक पट्ट्या. असल्या बहुतेक छोट्या स्विचची ताकद १० वॉटच्या आसपास. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, आणि पंप थेट त्यावर जोडला तर एक दिवस त्या पट्ट्या एकमेकींना चिकटून बसतात. म्हणजे पुन्हा पंप चालूच. मधे रिले किंवा मॉस्फेट (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला आणि बंद होताना मोटरमधून येणारा विजेचा झटका जिरवायला उलटा डायोड लावा, हे सांगायला किती वेळ लागतो? ते सांगायचं सोडून काही जण चक्क भिंतीतल्या प्लगवर चालणारा पंप थेट फ्लोटमधून जोडून दाखवतात. मिठाच्या पाण्यात बुडालेल्या वायरमधून घरची वीज! माशांचं जाऊ द्या, माणूस मरेल त्यात. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि १२ व्होल्टचा पंप, याशिवाय दुसरं काही कोणाला सुचवूच नये.

कोणी म्हणतं सलाइनचा सेट लाव, थेंब थेंब पडू दे. त्या थेंबाला पातळी कळते का? हवा दमट झाली, पाणी कमी उडालं, तरी तो पडतच राहणार. कोणी घरच्या पाण्याच्या टाकीतला पितळी फ्लोट व्हॉल्व्ह बसवायला सांगतं. पितळेत तांबं असतं आणि तांबं कोळंब्यांना व प्रवाळांना विष आहे. प्लास्टिकचा व्हॉल्व्ह चालेल, वीजही लागत नाही, पण मीठ साचून तोही अडकतो, हे मात्र कोणी बोलत नाही.

सगळ्यात चीड येते ती सायफनची, म्हणजे भरलेल्या नळीतून पाणी आपोआप खाली वाहत राहण्याची. पंप बंद झाला, सर्किटने आपलं काम चोख केलं, आणि तरी पाणी वाहतंच आहे, कारण डबा वर ठेवलाय आणि नळीचं टोक खाली. यात ना इलेक्ट्रॉनिक्स, ना खर्च. डब्यातल्या पाण्याची पातळी नळीच्या टोकापेक्षा खाली ठेवा आणि ते टोक सम्पच्या पाण्याला टेकू देऊ नका, नाहीतर तेच पाणी उलट डब्यात ओढलं जाईल. एवढी दोन वाक्यं छापायला काय जातं यांचं? लोकांच्या फरशा भिजतात, वर्षानुवर्षं वाढवलेले प्रवाळ जातात, आणि हे पुढच्या मॉडेलमध्ये निळा दिवा लावून मोकळे.

ज्यांना आजच काहीतरी बसवायचंय त्यांनी किटवर ‘सेफ’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. दोन फ्लोट आहेत का ते मोजून बघा. फ्लोट हाताने खाली दाबून धरा आणि पंप किती वेळाने स्वतःहून थांबतो ते पाहा, थांबलाच नाही तर परत करा. आणि डबा इतकाच घ्या, की तो पूर्ण रिकामा झाला तरी सम्प ओसंडणार नाही.