दोन्ही डावे

उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख अजून काळंच आहे. अंगठ्याचं नख पूर्ण नवीन यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. म्हणजे तोवर चप्पल घालताना रोज बाली आठवणार, आणि बालीच्या मागोमाग काटोलचे काका.

प्रस्तावना थोडक्यात. नागपूरहून 22 जणांचा ग्रुप, त्यात काटोलचे काका-काकू, मुंबईमार्गे बालीतलं देनपसार, चौथ्या दिवशी उबुदच्या वरच्या अंगाला भातखाचरांमधून एटीव्हीची फेरी. एटीव्ही म्हणजे चार फुगीर चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली गाडी. पुढं एक गाइड, मागं एक गाइड, मधे आपण आणि चिखल. वेळ दीड-दोन तास.

निघायच्या आधी हेल्मेट आणि गमबूट देतात. देतात म्हणजे काय, शेडच्या कोपऱ्यात ढीग पडलेला असतो, त्यातून आपले आपण वेचायचे. हेल्मेट घेताना हनुवटीच्या पट्ट्याचं बकल लागतं का ते आधी बघावं, मग मान हलवावी. हेल्मेट डोक्याच्या मागोमाग, सवडीनं वळत असेल तर दुसरं घ्यावं. आतला फोम ओला आहे का हे बघू नये. असतोच. बुटांवर युरोपी नंबर असतात, आपला 8 म्हणजे तिकडचा 42. गुडघ्याखालपर्यंत येणारे मोजे घरूनच न्यावेत, कारण ओल्या रबराची कड पोटरीला घासते आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी तिचा हिशेब होतो. हे सगळं मला पाठ होतं. मोजे नेले होते. 42 चे दोन बूट पण शोधले. एक घातला, दुसरा उचलला, तर तोही डावाच.

आता ज्या ढिगात दोन डावे उरतात, त्या ढिगातून दोन उजवे कुठंतरी गेलेले असतात, एवढं गणित मला येतं. मी मान वळवली. बाकड्यावर काका बसले होते, दोन्ही पाय पुढं पसरून. दोन्ही बुटांची टोकं एकाच दिशेला, डावीकडं, जणू दोघं मिळून कोणाची तरी वाट बघत आहेत.

"काका, तुम्ही दोन्ही उजवे घातलेत."

काकांनी खाली पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "बरोब्बर तं बसले."

"त्यातला एक माझा आहे."

"नाव हाय का त्याच्यावर?"

"नाव नाही, पण तुमच्या डाव्या पायात उजवा बूट आहे."

"गमबूटाले डावा-उजवा नसते, भाऊ."

मी माझा बूट उचलून दाखवला. अंगठ्याच्या बाजूला रुंद, करंगळीकडं उतरता. काकांनी तो हातात घेतला, उलटा केला, आतलं पाणी झटकलं आणि परत दिला. "घासून घासून तसा झाला तो. तीस वर्सं झाले, संत्र्याच्या वावरात गमबूट घालून राह्यलो मी. रात्री दोन वाजता लाइन येते, मोटर सुरू कराले उठलं का अंधारात हाताले जो लागला तो पायात. कधी पाहून नाही घातला."

"मग पाय दुखत नाहीत?"

"दुखते नं. पण ते बुटानं नाही, युरिक ॲसिडनं."

काकू मधे पडल्या. "देऊन टाका नं त्यायले एक. काहून वाद घालून राह्यले?"

"देतो नं मी. माह्यं काय जाते?" काका म्हणाले, आणि मग त्यांनी मला शांतपणे, लहान पोराला भागाकार शिकवावा तसं समजावलं. "पण पाहा जी. समजा मी तुमाले एक देल्ला. मंग मले कोनता भेटन? तुमच्याकडचा, डावा. म्हणजे माह्या एका पायात उजवा अन् एका पायात डावा. आता दोन्ही एकसारखे हायेत. चांगलं जमलेलं कशाले बिघडवाचं?"

माझ्याकडं याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तेवढ्यात गाइडनं शिट्टी मारली आणि मी दोन डावे घालून, किंचित डावीकडं जात, गाडीपाशी गेलो.

दोन्ही गाइड आपापल्या घरातले तिसरे होते. बालीत मुलांची नावं जन्माच्या क्रमानं ठरतात. पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा केतुत, आणि पाचवं झालं की पुन्हा वायानपासून सुरुवात. काकांना हे कळल्यावर त्यांना फार नवल वाटलं नाही. "आपल्याकडं पण हाय की. मोठ्या, मधवा, लहान्या." प्रत्येक गाडीच्या पुढच्या कॅरिअरवर नारळीच्या कोवळ्या पानांची चिमुकली टोपली ठेवलेली होती, तिच्यात फुलं, भाताची चार शितं, शेजारी उदबत्ती. तिला चनांग सारी म्हणतात. त्यांच्याकडं तुंपेक लांदेप नावाचा दिवस असतो, 210 दिवसांनी येणारा. मुळात शस्त्रांच्या पूजेचा, आता मोटारी आणि मोटरसायकलींचाही. म्हणजे आपल्या दसऱ्याला आपण स्कूटरला झेंडूचा हार घालतो तेच, फक्त त्यांना वर्षाच्या आत दुसऱ्यांदा घालता येतो. काकांनी गाडीला हात लावून तो छातीला लावला. मीही लावला. दोन डावे बूट घातलेल्या माणसानं देव सोडू नये.

आता गाडी. गिअर म्हणाल तर आपल्या बिनगिअरच्या स्कूटरसारखा मामला, दोन पुल्या आणि मधे रबरी बेल्ट. रेस मात्र मुठीत नसते. उजव्या हँडलखाली एक छोटा दांडा असतो, तो अंगठ्यानं दाबायचा. नवशिके वळताना मूठ घट्ट धरतात, अंगठा आपोआप दाबला जातो आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ बांधावर चढते. म्हणून वळायच्या आधी अंगठा उचलायचा, गाडी मंदावू द्यायची, मग वळायचं. दुसरं म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर बसवलेली असतात, कारसारखी वेगवेगळ्या वेगानं फिरत नाहीत. त्यामुळं गाडी वळायला कुरकुरते. अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं, बाहेरच्या पायानं फूटरेस्ट दाबायचा, म्हणजे आतलं चाक हलकं होऊन घसरतं आणि गाडी निमूट वळते. चढाला छाती हँडलकडं, उताराला बूड मागं. आणि काहीही झालं, गाडी कलली तरी, पाय खाली टेकवायचा नाही. स्कूटरवर जन्म गेलेल्या नागपूरकराला नेमकं हेच जमत नाही. सिग्नलला पाय, खड्ड्यात पाय. इथं टेकवलेला पाय मागच्या चाकाखाली जातो.

चाकातली हवा बघून काका हळहळले. आपल्या कारला तीसेक पीएसआय, इथं चार-पाच. बोटानं दाबलं तर टायर दबतो. तो तसाच हवा, टायर पसरला की चिखलात जास्त जागा धरतो. काकांनी मागच्या गाइडला, म्हणजे मागच्या तिसऱ्याला, मराठीत सांगितलं, "पंक्चर हाय." तो हसला. चौघा-पाचांच्या गाड्या तपासून त्यांनी सगळ्याच पंक्चर ठरवल्या आणि मग नाइलाजानं बसले.

पहिला अर्धा तास बरा गेला. चिखल मात्र वेगळा. आपली काळी जमीनही शेवटी ज्वालामुखीचीच, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आता तिची चिकण झाली आहे, पाऊस पडला की चाकाला चिकटून मडगार्डापर्यंत भरते. बालीचा आगुंग अजून जिवंत आहे, 1963 साली मोठा फुटला, 2017 मध्ये पुन्हा धुमसला. तिथली राखेची माती चिकटत कमी, निसटते जास्त. अशा जागी रेस वाढवली की चाक जागच्या जागी फिरून खड्डा खणतं. थोडी रेस, एकसारखी, आणि थांबायचं नाही. पाण्यातून जातानाही तेच. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून वाळवायचे, ओले ब्रेक पहिल्या उताराला धरत नाहीत.

मी हे सगळं केलं. तरी चढावर माझी गाडी रडायला लागली. त्याचं कारण असं. डावा बूट उजव्या पायात घातला की बुटाची निमुळती बाजू अंगठ्याकडं येते. उतारावर पाऊल पुढं सरकतं आणि अंगठा त्या निमुळत्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तो वाचवायला मी चढाच्या आधीच टाच टेकवून पाऊल वर उचललं, आणि बुटाचं टोक जाऊन बसलं मागच्या ब्रेकच्या पायडलवर. मागचा ब्रेक अर्धवट धरलेला, वरून अंगठ्यानं रेस, मधल्या मधे बेल्ट पुलीवर घसरतोय. जळक्या रबराचा वास सुटला. मागचा तिसरा ओरडला, "ब्रेक! ब्रेक!" मला वाटलं, दाब म्हणतोय. मी दाबला. तो अजून जोरात ओरडला. मी अजून जोरात दाबला.

तेव्हा मागून, नाकानंच ओळखून, काका म्हणाले, "अरे बाप्पा, बेल्ट जळून राह्यला. भाऊ, ब्रेकवरचा पाय काढा!" मी पाय काढला आणि गाडी टुणकन वर गेली. वर पोचल्यावर दोन्ही तिसऱ्यांनी काकांचा हात हातात घेऊन हलवला. ग्रुपनं टाळ्या वाजवल्या. "पिठाच्या गिरणीचा बेल्ट असाच वास मारते," काका नम्रपणे म्हणाले. ज्यानं माझा बूट घातला होता, त्यानंच माझं निदान केलं आणि मला थँक्यू म्हणावं लागलं.

वर खाचरांच्या कडेला पाणी प्यायला थांबलो. खाली पायऱ्यापायऱ्यांची शेती, प्रत्येक बांधाला एक बारीक तोंड, त्यातून पाणी खालच्या खाचरात. या वाटपाला सुबाक म्हणतात, नवव्या शतकापासून चालत आलेलं. एका पाण्यावरचे शेतकरी जलमंदिरात जमतात आणि कोणाला कधी पाणी ते ठरवतात. 2012 साली युनेस्कोनं याला जागतिक वारसा म्हटलं. मी हे काकांना सांगितलं, कारण कुठंतरी मलाही काहीतरी माहीत आहे हे दाखवायचं होतं. काका बराच वेळ खाली बघत राहिले. "टेलवाल्याले पण भेटते?" त्यांनी विचारलं. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक.

"भेटतं म्हणतात."

"आमच्याकडं कालव्याच्या टेलवाल्याचं आयुष्य पत्रव्यवहारात जाते." त्यानंतर ते पाच मिनिटं गप्प होते. त्या पाच मिनिटांत मला बूट परत मागता आला असता. मागितला नाही. तेवढी लाज आहे मला.

पण बालीतल्या शेडवाल्याला माझं म्हणणं आहे. निघण्याआधी दोन पानांच्या इंग्रजी कागदावर सही घेतात, काही झालं तर तुमची जबाबदारी. मान्य. मग बुटाची जोडी लावण्याची जबाबदारी कोणाची? काढलेल्या बुटांच्या कडेला छिद्र पाडून जोडीला सुतळी बांधायला किती खर्च येतो? आपल्या देवळाबाहेरचा चप्पल स्टँडवाला दोन रुपयांच्या टोकनवर हे काम आयुष्यभर बिनचूक करतो. आणि नागपुरातला आमचा टूरवाला! "सगळं इन्क्लुडेड आहे" म्हणाला होता. व्हाउचर उघडलं तर डबल सीट, म्हणजे एका गाडीवर दोघं, पैसे मात्र सिंगलचे. जागेवर फरक भरला तेव्हा गाडी मिळाली. विम्याबद्दल विचारलं तर म्हणाला, आहे की. पॉलिसी वाचली, तर साहसी खेळ वगळून. जाण्याआधी तेवढं एक पान वाचा, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. काळं नख साहसात मोडतं की निष्काळजीपणात, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

परत आल्यावर बूट काढले. अंगठ्याकडं बघून काकू हळहळल्या. काकांनी पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढला, दोन्ही तिसऱ्यांना दिली, मला दोन दिल्या. चांगली होती. त्यानं राग जात नाही.

फोटो वेगळे विकतात, जोडीला एक लाख रुपिया, म्हणजे आपले पाचशे-साडेपाचशे. काकांनी घेतले. परवा त्यांनी ग्रुपवर टाकला: बाकड्यावर काका, पाय पुढं, बूट स्पष्ट. मी बोटांनी मोठा करून दोन्ही बुटांभोवती लाल गोल काढला आणि परत टाकला. खाली लिहिलं, "दोन्ही उजवे."

दहा मिनिटांनी उत्तर आलं, "कॅमेऱ्यात उलटं दिसते भाऊ."

मी लिहिलं, "उलटं केलं तरी दोन्ही डावे होतील काका, जोडी नाही होणार."

दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग काकांनी नुसता अंगठा पाठवला.