ता खंय गेला?

आमच्या मालवणीत मुलगी नपुसकलिंगी असते. ता चेडू इला, ता चेडू जेवला. संध्याकाळ झाली की आजी खळ्यातून आईला विचारायची, 'ता खंय (कुठे) गेला गो?' ते 'ता' म्हणजे मी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मग शाळा आली. निबंधात 'मी शाळेत जातंय' लिहिलं, तर बाईंनी खाली लाल रेघ ओढून वर 'जाते' करून दिलं. बिनसलं ते तिथपासून.

गेल्या महिन्यात घरी सांगून टाकलं की मी जेंडरक्विअर आहे. बाई नाही, पुरुषही नाही. माझ्याबद्दल बोलताना 'ती' नको. तेव्हापासून एकच वाक्य ऐकतंय: 'ही इंग्रजी थेरं, आपल्या भाषेत बसत नाहीत.'

शब्द इंग्रजी आहे, कबूल. पण इंग्रजीत 'मी गेलो' की 'मी गेले' हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे ते ठरवल्याशिवाय बाजारात जाऊन आल्याचंही सांगता येत नाही. म्हणजे पंचाईत आपलीच जास्त! वर्षानुवर्षं पळवाटा शोधून बोलायची सवय लागली आहे. 'मला जायचंय', 'माझं जेवण झालं', 'मी भात खाल्ला' (इथे क्रियापद भाताच्या मागे जातं, माझी सुटका). भविष्यकाळ तर फारच सोयीचा: मी येईन, मी बघीन. वर जाऊन तपासा, या पोस्टमध्येही तेच केलंय. मालवणीत मात्र 'मी जातंय' बापयमाणूसही म्हणतो आणि बायलमाणूसही. कोल्हापूरकडच्या बायका खुशाल 'मी येतो' म्हणतात, त्यांचं काही बिघडलेलं दिसत नाही.

मुंबईतली मित्रमंडळी माझ्यासाठी 'ते आले' म्हणतात. प्रेमानेच, पण मला कुणाचे तरी सासरे आल्यासारखं वाटतं. 'ते आलं' म्हणावं तर पुस्तकी मराठीत मांजराचं पिल्लू आलं. हे मलाही खटकतं, खोटं कशाला सांगू. 'ता' मात्र खटकत नाही. त्याला आजीचा आवाज आहे.

काकांचा मुद्दा वेगळा. 'कायद्यात आसा काय ह्या?' न्यायालयाचा निकाल आहे. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं की आपली लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची. 2019 च्या मूळ ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यात तर जेंडरक्विअर हा शब्दच व्याख्येत घातला होता. काका गप्प झाले. कायदा म्हटलं की आमच्याकडे सातबारा आठवतो, माणूस बेताने बोलतो.

शेजारच्यांनी दशावताराचा दाखला दिला. जत्रेतल्या या नाटकात स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारा पुरुष, नऊवारी नेसून उभा राहिला की आपण रात्रभर डोळे फाडून बघतो, मग याचं काय एवढं? हेतू चांगला होता. पण ते सोंग, पहाटे रंग पुसला की संपलं. माझ्याकडे पुसण्यासारखं काही नाही.

आईने एवढंच विचारलं, 'मगे आता तुका रे म्हणा काय गो म्हणा?' उत्तर माझ्याकडेही नव्हतं. काही दिवस ती दोन्ही टाळून नुसतंच 'जेवलंस?' विचारायची.

परवा फोन चालू राहिला होता आणि ती मावशीशी बोलत होती. 'चवथीक ता येतला,' म्हणाली. माझं ऐकून तसं म्हणाली, की नुसती आजीची सवय तोंडात आली, ते काही विचारलं नाही. तिकीट काढलंय.